शिकतीय अजून

नवी मुंबईत कोपरखैरणेच्या तीन टाकीपाशी भाजी घेताना अण्णांचे जुने मुकादम भेटले. निवृत्त होऊन गावी गेलेले, लेकाकडे आठ दिवस आलेले. अण्णांनी पिशवी खाली ठेवून त्यांना वाकून नमस्कार केला, मग मीही केला. पावसाचं, भातलावणीचं, कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनचं बोलणं झालं आणि मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, ‘ही थोरली नव्हं? रशियाला गेलती ती? डाक्टर झाली म्हणं.’ किर्गिझस्तानला आमच्याकडे सगळे रशियाच म्हणतात. मी मेथीची जुडी उलटीपालटी करत राहिले. अण्णा म्हणाले, ‘शिकतीय अजून.’ एवढंच. आवाज पडला नाही की चढला नाही. मग पिशवी उचलून ते मुकादमांना चहाला चला म्हणून आग्रह करू लागले.

ते वाक्य पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. ह्याच अण्णांनी २०२२ साली मी डिग्री घेऊन परतले तेव्हा कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्यांच्या अख्ख्या माथाडी टोळीला पेढे वाटले होते. चहा आणणाऱ्या पोरापासून गाळ्यावरच्या शेठपर्यंत सगळ्यांना. विमानतळावरून घरी येताना टॅक्सीवाल्यालाही त्यांनी, त्याने न विचारताच, पोरगी डाक्टर झाल्याचं सांगितलं होतं. मग आता असं का? ते मला पाठीशी घालत होते, की त्यांना माझी लाज वाटत होती? रात्री जेवताना मी त्यांच्याकडे बघत राहिले. सदऱ्याच्या खिशात कांद्याचा लाल पापुद्रा अडकला होता. तो नेहमीच असतो, आई धुण्याआधी खिसे झटकून घेते. त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली, बातम्या लावल्या आणि बसल्या बसल्या पेंगू लागले. विचारायचं माझ्याच्याने झालं नाही.

आमच्या घरात वर्ष जूनचं आणि डिसेंबरचं अशा दोन तुकड्यांत मोजलं जातं. बाहेरच्या देशात एमबीबीएस केलेल्यांना इथे डॉक्टर म्हणून नोंदणी मिळवायला जी परीक्षा पास व्हावी लागते ती, एफएमजीई, ह्याच सुमारास असते. गावची जत्रा, चुलतभावाचं लग्न, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं ‘हिची परीक्षा झाल्यावर’. ३०० प्रश्न, निम्मे सकाळी, निम्मे दुपारी, दोन्ही वेळा अडीच-अडीच तास. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि पास व्हायला १५० पुरतात. ‘निम्मेच तर हवेत की गं,’ असं आत्या म्हणाली होती. तिचं काही चुकलं नव्हतं, ऐकताना ते तसंच वाटतं. आणि तरी बहुतेक वेळा बसणाऱ्या चार जणांतले तीन, कधी त्याहूनही जास्त, नापास होतात. सेंटरच्या दारात कानातलं काढायला लावतात, हात पसरून उभं करतात, बोटांचे ठसे घेतात. आत एसी इतका असतो की माउस धरलेली बोटं गारठतात. मधल्या सुट्टीत बाहेर यावं तर रस्त्याच्या कडेला आईबाप डबे उघडून बसलेले असतात. कुणी साताऱ्याचे, कुणी नांदेडचे, कुणी रात्रभर एसटीने आलेले. मुलं जेवत नाहीत, एकमेकांना प्रश्न विचारत सुटतात: त्या फोटोतला पुरळ कसला होता, तू काय टिक केलंस. एकदा माझ्या शेजारी बसलेला मुलगा उत्तर चुकल्याचं कळताच उठून भिंतीकडे गेला आणि ओकला. त्याचे वडील पाण्याची बाटली घेऊन मागे उभे होते. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, नुसते उभे राहिले. कदाचित हात फिरवला असता तर दोघांनाही रडू आलं असतं.

निकाल पीडीएफमधून येतो. रोल नंबर टाकायचा आणि शोध म्हणायचं.

इतकं शिकून का होत नाही, हे विचारणारे खूप भेटतात आणि त्यातले बरेच मनापासून विचारतात. मला एकच एक कारण सांगता येत नाही. बिश्केकमध्ये वर्ग इंग्रजीत चालायचे, पण वॉर्डात रुग्ण किर्गिझ किंवा रशियन बोलायचे. ‘ग्दे बलीत?’, कुठे दुखतंय, एवढं मी पहिल्याच हिवाळ्यात शिकले होते. प्रश्न विचारता यायचा, पण डोक्याला रुमाल बांधलेली एखादी आपा, म्हणजे आपल्याकडची आजीच, हात धरून दहा मिनिटं जे सांगायची त्यातलं मला आणाभर कळायचं. दुखणं रात्री वाढतं की जेवणानंतर, घाम येतो का, आधी असं कधी झालं होतं का, हे सगळं त्या दहा मिनिटांत असायचं. बाहेर बर्फात मार्श्रुत्काची, म्हणजे तिथल्या मिनीबसची, वाट बघताना मला वाटायचं, माझ्यासमोर पुस्तक उघडं होतं आणि मला अक्षरं लागत नव्हती. त्यात २०२० आलं. आम्ही परतलो आणि पुढचे कित्येक महिने सर्जरी, बालरोग, सगळं मोबाइलवर ऐकलं. कोपरखैरणेच्या आमच्या दीड खोलीत, आईच्या डब्यांच्या फोडणीचा ठसका खात. पुस्तकातलं येत होतं, पण हाताला काही लागत नव्हतं. इथल्या परीक्षेत मात्र समोर सर्पदंश झालेला शेतकरी येतो, ओआरएस आणि झिंकचा डोस येतो, राष्ट्रीय कार्यक्रम येतात, आपल्या देशातलं लसीकरण येतं. ह्या मातीतल्या आजारांची आम्हाला तिथे पुरेशी ओळखच झाली नव्हती.

आणि तरीही मला ही परीक्षा नको असं वाटत नाही. हे मी ठामपणे लिहितेय, कारण आमच्या ग्रुपवर दर निकालानंतर परीक्षाच रद्द करा अशी हाकाटी उठते. निकालाच्या रात्री तो राग मलाही येतो. पेपर बाहेर दिसत नाही, आपलं कुठे चुकलं ते कळत नाही, हिच्या जागी ‘नेक्स्ट’ ही नवी परीक्षा येणार-येणार म्हणून वर्षानुवर्षं टांगणी. हे बदलायला हवं. पण २००२ पासून ही चाळणी आहे ती रुग्णासाठी आहे. माझ्या आईला उद्या छातीत दुखलं तर समोर बसलेल्या माणसाला ईसीजी वाचता यायलाच हवा, तो कुठे शिकला आणि त्याच्या बापाने किती जमीन विकली ह्याच्याशी तिच्या हृदयाला काही देणंघेणं नाही.

जमीन आम्हीही विकली. जावळीतलं वावर, आणि वर पतपेढीचं कर्ज.

किती काळ गेला हे मला कॅलेंडरपेक्षा पुस्तकातून कळतं. फॉरेन्सिक पहिल्यांदा पाठ केलं तेव्हा निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी भारतीय दंड संहितेचं ३०४-अ हे कलम होतं, पोलिसांच्या मृत्यू तपासासाठी दंड प्रक्रिया संहितेचं १७४. मी ती स्वयंपाकघराच्या फळीवर खडूने लिहून ठेवली होती. १ जुलै २०२४ पासून कायदेच बदलले आणि ३०४-अ च्या जागी न्याय संहितेचं १०६ आलं, १७४ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. फळीवरचं पुसून मी नवे आकडे लिहिले. पोलिओच्या इंजेक्शनचे दोन डोस पाठ होते, जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यातला तिसरा त्यात आला. क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पुस्तकाबाहेरही, ट्रान्स हार्बर लोकलवर ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन उभं राहिलं, उद्घाटनाची वाट बघत बंद राहिलं आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. पुस्तकातल्या प्रत्येक बदलाला मी पेन्सिलीने खूण करते, आणि दर वेळी पोटात एक बारीकसा गोळा येतो की हे बदलायच्या आधीपासून आपण इथेच आहोत.

दिवसा मी ऐरोलीच्या आयटी पार्कात मेडिकल कोडिंग करते. माझ्यासारखे तिथे बरेच आहेत. अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचायचे आणि आयसीडी-१० ह्या आजारांच्या जागतिक यादीतले कोड लावायचे. गुंतागुंत नसलेला टाइप २ मधुमेह ई ११.९, उच्च रक्तदाब आय १०. काम नेटकं आहे, पगार वेळेवर होतो, त्या पगारातून पतपेढीचा हप्ता जातो. एकटं राहण्यातून उभ्या राहणाऱ्या अडचणींनाही एक कोड आहे, झेड ६०.२. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी स्क्रीनसमोर थांबून गेले होते. तपासणाऱ्या कुणीतरी रक्ताच्या रिपोर्टांपलीकडे जाऊन ह्या माणसाला विचारलं असणार की घरी कोण असतं. मला ते विचारणारी व्हायचं होतं, आणि मी ते विचारलं गेल्यानंतरचा आकडा लावत होते. संध्याकाळी गाडीतून उतरले की एमआयडीसीचा तो उग्र, गोडसर वास नाकात शिरतो. कोपरखैरणेकरांना तो सांगायला नको. त्या वासात निसर्ग उद्यानापर्यंत चालत जायचं, एक फेरी मारायची, चालता चालता कानात लेक्चर. मग घर, मग पुस्तक.

मागच्या खेपेला अगदी थोडक्यात गेलं. त्याआधी जास्त गुणांनी जायचं तेव्हा इतकं लागलं नव्हतं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. त्या रात्री आई काही न बोलता तिची वाकळ घेऊन मी झोपते तिथे आली आणि दाराकडे डोकं करून झोपली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे ती जागी होती. मला छतावरचा पंखा दिसत होता आणि त्याच्याकडे मी ज्या नजरेने बघत होते ती मला स्वतःलाच बरी वाटली नाही. पीएसएममध्ये, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याच्या विषयात, राष्ट्रीय टेलि-मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून एक मुद्दा आहे: टेलिमानस, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू, चोवीस तास, नंबर १४४१६. प्रश्न आला तर हातचा गुण म्हणून मी तो नंबर पाठ केला होता. त्या रात्री बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, मी तो फिरवला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या. त्यांनी मला धीर धर म्हटलं नाही, यश-अपयशाचं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, जेवलात का. आत्ता घरात कोण जागं आहे. मग म्हणाल्या, फोन ठेवल्यावर त्यांच्या शेजारी जाऊन झोपाल का. मी आईच्या वाकळेवर जाऊन झोपले. तिने पाय थोडे आखडून जागा केली. सकाळी ती नेहमीसारखी पोरांच्या डब्यांना लागली आणि मला म्हणाली, कांदा चिरून दे.

हे लिहायला मला बराच काळ लागला. पण ज्या कुणाच्या घरी आज असा निकाल लागला असेल त्याने तो नंबर पाठ करून ठेवावा, परीक्षेत येवो न येवो.

ह्याच काळात अण्णांच्या टोळीतल्या एका काकांचा खोकला हटेना. पंधरा दिवसांच्या वर झालेले, संध्याकाळी अंगात कणकण, पँट ढिली झालेली. त्यांच्या बायकोने घरी येऊन मला म्हटलं, खोकल्याचं औषध तरी लिहून दे, तू शिकलीस ना. मी नाही म्हटलं. नोंदणी नसताना औषधं लिहून डॉक्टरकी करणं हा वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्या क्षणी मला कायदा आठवला नाही. मला एवढंच दिसलं की खोकल्याची बाटली हातात पडली तर हे तपासणीला जाणार नाहीत. मी त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासायला पाठवलं. काकू फणकाऱ्याने गेल्या, आईला वाईट वाटलं. तपासणीत क्षय निघाला. दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. मी मधूनमधून त्यांच्याकडे जाऊन गोळ्यांची पाकिटं मोजायची, लघवीला लालसर रंग येतो त्याला घाबरू नका म्हणून सांगायची, घरातल्या लहानग्यांना तपासून घ्या म्हणून मागे लागायची. पूर्ण कोर्स झाला. वजन भरलं. त्या सहा महिन्यांत मी एकही औषध लिहिलं नाही आणि तरी मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण ज्यासाठी इतक्या लांब गेलो होतो ते काम हेच.

मग एका रविवारी दुपारी मी अण्णांना विचारलं. ते पालथे झोपले होते आणि मी त्यांच्या कमरेला तेल लावत होते. माझ्या बोटांना मणक्याच्या दोन्ही बाजूंचे ते टणक झालेले स्नायू लागतात तेव्हा दर वेळी मनात एमआरआय येतो. मी म्हटलं, ‘अण्णा, मुकादमांना असं का सांगितलंत?’ त्यांना आठवायला वेळ लागला नाही, म्हणजे तेही त्यांच्या मनात असणार. म्हणाले, ‘मग काय सांगू? पास झाली म्हणू? का नापास झाली म्हणू? पहाटं उठून वाचत बसतीस ते शिकणंच हाय की.’ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग उशीत तोंड ठेवूनच म्हणाले, ‘लाज वाटत न्हाई असं न्हाई. वाटती कवा कवा. लोकं इचारत्यात तवा वाटती. मग घरी आलो, तुझा दिवा बघितला की न्हाई वाटत.’

माझा हात थांबला होता. ‘चोळ की,’ म्हणाले.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. मला ते तुकड्या-तुकड्यांत ठाऊक होतं, पण त्यांनी सलग कधी सांगितलं नव्हतं. गावाहून आले तेव्हा माथाडी कायदा होऊन बराच काळ लोटला होता, १९६९ चा तो कायदा, पण बोर्डाची नोंदणी काही आल्याआल्या मिळत नसे. नोंदणी होईतोवर ते बदलीवर उभे राहायचे. टोळीत कुणी आलं नाही तर काम, नाही तर दिवसभर धक्क्यावर बसून परत. गोणी तीच, जिना तोच, पाठ तीच. पण प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही, हजेरी नाही, पडलं तर कुणी विचारणार नाही. ‘ओझं तेवढंच उचलायचो,’ ते म्हणाले, ‘पर कागदावर मी न्हवतोच.’ गावी पत्रात मात्र आजोबांना लिहायचे, मार्केटात लागलोय. मी विचारलं, मग तेव्हा कसं काढलंत. म्हणाले, ‘एकट्यानं न्हाई काढलं. आमी बदलीवाले सगळे एकाच खोलीत ऱ्हायचो.’

मला हे शेवटचं लागलं. मी एकटीच काढत होते. नापास झालेले आम्ही एकमेकांना तोंड चुकवतो. अभ्यासिकेत समोर बसलेला मुलगा जॉर्जियाहून आलाय, बाजूची मुलगी युक्रेनमधून फेब्रुवारी २०२२ मध्ये जीव मुठीत धरून आली आणि पुढचं कसंबसं पूर्ण केलं, हे मला त्यांच्या पुस्तकांवरून केव्हाच कळलं होतं. आम्ही एकाच पाण्याच्या कूलरवर बाटल्या भरायचो आणि मोबाइलकडे बघत परतायचो. निकालानंतर काही जागा आठवडाभर रिकाम्या राहायच्या, मग एकेक जण मान खाली घालून येऊन बसायचा. कोण का आलं नव्हतं हे सगळ्यांना माहीत असायचं.

त्यानंतर मीच जाऊन बोलले. सोपं गेलं नाही. जॉर्जियावाला आधी म्हणाला की तो पीजीची तयारी करतोय. मी म्हटलं, मी एफएमजीईची करतेय आणि माझी बऱ्याचदा राहिलीय. त्याने पेन खाली ठेवलं. आता आम्ही काही जण रविवारी एकत्र बसतो. कुणाला फार्माकोलॉजी पक्की येते, कुणाचा ऍनाटॉमीत हात कुणी धरत नाही. मी पीएसएम आणि फॉरेन्सिक घेते, कारण ते मी इतक्या वेळा बदलताना पाहिलंय की माझ्या हातून सुटत नाही. मोठ्याने वाचतो, भांडतो, एकमेकांच्या चुका जिथल्या तिथे दाखवतो. महिन्यातून एकदा गुण मोकळेपणाने सांगतो. पास होण्याची हमी ह्यातून मिळत नाही. तिघांनी गेल्या वेळी दिली, एकच जण सुटला. आता तो नोंदणीच्या आणि इंटर्नशिपच्या मागे लागलाय. पण निकालाच्या दुसऱ्याच दिवशी बाकी दोघं आली, आणि त्यांना कुणी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

डिसेंबरचा फॉर्म मी भरलाय. ऑफिसात शेवटच्या तीन आठवड्यांची बिनपगारी रजा मागितलीय, अजून मंजूर झालेली नाही, नाही झाली तर रात्री वाचेन. अण्णांनी हप्त्याचं मी बघतो म्हणून सांगितलंय, ते मला मान्य नाही, त्यावर आमचा वाद चालू आहे. आणि कोपरखैरणे-घणसोलीच्या बाजूला कुणी ही परीक्षा देणारं असेल, कितव्यांदा ते आम्ही विचारत नाही, तर रविवारी सकाळी नऊला निसर्ग उद्यानाच्या दारापाशी या. पावसाळ्यात आत चिखल असतो, तेव्हा आमच्याच घरी बसतो, जागा कमी आहे पण आई सगळ्यांना पोहे करते. येताना बालरोगाच्या नोट्स आणा. तो विषय घ्यायला आमच्याकडे सध्या कुणी नाही.